ओळखपत्रावरचा फोटो भिंतीवर नको

सुजे,

तुझ्या भावाने तुझा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करायला टाकला होता. आता तूच सांग, मी गप्प बसायचं होतं का?

मिलिंदचा फोन आला तेव्हा तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्याचा आवाज पार बसलेला होता. "शोभाताई, रविवारी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. ताईचा फोटो स्टुडिओत देऊन आलो. दवाखान्याच्या कार्डावरचा हाय. दुसरा घरात सापडलाच नाई." मी दुकानात उभी होते. अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं मेडिकल तुला माहीत आहे, सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण समोर कोण आहे, कोण नाही, मी काही पाहिलं नाही. ओरडलेच. "मिलिंद, आत्ताच्या आत्ता थो फोटो वापस आन. तुह्या बहिनीनं साऱ्या चांदूर बाजारात कोनाचा कार्डावरचा फोटो भितीवर चढू देल्ला नाई, अन् तू तिलेच चढवून राहिला काय?"

पलीकडे तो रडायला लागला. मग मीही. समोरचं गिऱ्हाईक खोकल्याचं औषध न घेताच निघून गेलं.

तर अशा रीतीने हे काम माझ्या अंगावर आलं. रविवारच्या आत तुझा एक फोटो, तुला शोभेल असा. तू असतीस तर पहिला प्रश्न ठरलेला होता, "कोनत्या लेन्सनं काढला?"

तुझ्या मायचा फोटो मला आठवतो. चांदूर बाजारच्या तुझ्या घरात शिरलं की समोरच तो होता. कार्डावरचा इवलासा चौकोन ताणून ताणून मोठा केलेला. डोळ्यांच्या जागी ठिपके, कपाळ पांढरंफटक, आणि चेहऱ्यावर पोलिसांनी धरून आणल्यासारखा भाव. आणि तुझी माय केवढी हसरी होती! आपण अमरावतीला डी. फार्म. करत असताना ती होस्टेलवर डबा घेऊन यायची, तर आधी तिचं हसणं जिना चढून वर यायचं, मग ती. त्या फोटोकडे बघत तू एकदा म्हणालीस, "शोभे, मले आता तिचा खरा चेहरा आठवाले जोर लावा लागते. हा फोटोच आडवा येते."   आमच्याकडेही भिंतीवर तेच. कार्डाचा फोटो, त्याला हार.

लोक कॅमेरा घेतात सहलीसाठी, पाखरांसाठी, नातवंडांसाठी. तू घेतलास तो सरकारी दवाखान्यात तुझ्या औषधाच्या खिडकीवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. ह्यांतलं कुणीही ठिपके होऊन भिंतीवर जाणार नाही, असं तू ठरवून टाकलंस. ठरवलंस आणि लगेच मला कामाला लावलंस. "दोघी मिळून घेऊ. माउंट एकच ठेवू, म्हनजे तुही लेन्स माह्या कॅमेऱ्याले लागन, माही तुह्या." मैत्रिणी एकसारख्या साड्या घेतात, आपण एकसारखे माउंट घेतले.

अमरावतीच्या त्या दुकानातला दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आपण दोघी पन्नाशीकडे झुकलेल्या, खांद्याला पर्स, पायात साध्या चपला. काउंटरवरच्या माणसाने आपल्या मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, साहेब नाही आले?"

तू लग्न केलेलं नव्हतंस. शांतपणे म्हणालीस, "साहेब अजून जन्माले याचे हायेत. तवरोक तुम्ही बॉडी दाखवा."

बिचाऱ्याने कॅमेऱ्यांच्या बॉडी दाखवल्या, लेन्सचं नंतर बघू म्हणाला. आधी मोठ्या सेन्सरची, फुल फ्रेम म्हणतात ती. मी तर तिच्या प्रेमातच पडले. धरली की हात भरल्यासारखा वाटायचा, व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावला की दुकानातला कोपरान् कोपरा लख्ख. तू ती घेतलीस, एका हाताने उचललीस, तशीच जरा वेळ धरून ठेवलीस आणि मनगट दुखायला लागल्यावर खाली ठेवलीस. मग लहान सेन्सरची, खिशात मावेल अशी घेतलीस. तीही एकाच हाताने.

"एका हातानं फोटो निघन काय ह्यानं?"

"निघेल, पण मॅडम, कॅमेरा दोन्ही हातांनी धरायचा असतो."

"दुसरा हात मले रिकामा पायजे."

"कशाला?"

"आजीचा हात धराले."

त्याने लहान बॉडीचा खोका काढला.  मोठ्या सेन्सरचं माझं स्वप्न तिथेच राहिलं, कारण माउंट एक ठेवायचं तर बॉडीही त्याच घराण्यातली हवी. तेव्हा सुरू झालेलं आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, बॉडी चांगली असली की अर्धं काम झालं. तू म्हणायचीस, बॉडी म्हातारी होते, लेन्स होत नाही. मी म्हणायची, मग आपण दोघी काय, बॉडीच ना? त्यावर तू मला पाठीत धपाटा घालायचीस.

पण लेन्स निवडताना तू जे केलंस ते मी अजून कुणाला करताना पाहिलेलं नाही. यूट्यूबवरचे सगळे पंडित ओरडून सांगत होते, चेहऱ्याचे फोटो काढायचे तर पंचाऐंशी मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्या. तू एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून ती दिवसभरासाठी मागून आणलीस आणि थेट तुझ्या खिडकीवर औषध न्यायला येणाऱ्या गयाबाईच्या घरी गेलीस. मला सोबत घेऊन. गयाबाईचं घर म्हणजे एकच खोली. तू मागे सरकलीस, आणखी सरकलीस, पाठ भिंतीला लागली, तरी कॅमेऱ्यात आजीचं नाकच. शेवटी तू दाराबाहेर अंगणात उभी राहिलीस आणि गयाबाई आतून ओरडली, "बाई, फोटो काढून राहिली का घरी चालली?"

दुसऱ्या दिवशी तू पस्तीसची घेतलीस. झूम नसलेली, बोटभर लांबीची. आपल्या लहान सेन्सरवर ती साधारण आपल्या डोळ्यांना दिसतं तेवढंच दाखवते. मी म्हटलं, अगं, जवळून काढलं की हिच्यात नाक जरा मोठं येतं. तू म्हणालीस, "मंग जास्त जवळ नाई जात. खोली दिसू दे ना थोडी. घर पाहून लेन्स घ्याची, शोभे. थे यूट्यूबवाले कोनाच्या घरी गेले?"

आणि लेन्स तर एवढी उजेड घेणारी, एक पॉइंट आठची. मला वाटलं, आता मागचं सगळं लोण्यासारखं धूसर करशील. ह्या खेळात उतरलेला प्रत्येक जण पहिलं वर्ष तेच करतो, मीही केलं. दुकानासमोरच्या लिंबाच्या झाडापासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळ्यांच्या मागे मी लोणी पसरलं. तू मात्र गयाबाईच्या मागची भांड्यांची मांडणी नीट दिसावी म्हणून लेन्सचं तोंड बारीक केलंस. "काहून धूसर करू? चाळीस वर्षं घासले तिनं थे भांडे. दिसू दे." मी म्हटलं, अंधारात असं केलंस तर फोटोत दाणे येतील. "येऊ दे दाने. मायच्या ठिपक्याइपेक्षा बरे."

गयाबाईचा तो फोटो काढताना तिने विचारलेला प्रश्न आठवतो का? चांगलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून बसली होती. तू डाव्या हातात तिचा हात धरलास, उजव्यात कॅमेरा. ती म्हणाली, "बाई, हा फोटो मी मेल्यावर लावतीन ना? मंग हासू का नको हासू?"

 तू जराही डगमगली नाहीस. "हास, आजी. पाहनाऱ्याले बरं वाटलं पायजे."

गयाबाई हसली. दात नव्हते, तरी काय हसली! तो फोटो तिच्या लेकाने आत्ताच भिंतीवर लावून टाकला आहे, आजी जिवंत असताना. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मग शेजारणीला हवा झाला, मग शेजारणीच्या दिराला, मग पलीकडच्या आळीला. तू रविवार-रविवार फिरत राहिलीस. दवाखान्यातली नोकरी करून, भावाची मुलं सांभाळून. कुणी वारलं की घरचे तुझ्याकडे यायचे नाहीत, कारण फोटो आधीच घरात असायचा. शहरात लोक हॉल भाड्याने घेऊन प्रदर्शनं भरवतात, फीत कापतात. तुझं प्रदर्शन चांदूर बाजारात कायमचं लागलेलं आहे, घरोघरी, ज्याचं त्याच्या भिंतीवर. मला तुझा किती अभिमान वाटतो हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "काय व, बिमार हायेस का?"

माझ्या बाबांचीही गोष्ट इथेच सांगते. तू कुणाला सांगितली नाहीस, पण मी सगळ्यांना सांगते. हिवरखेडला माझ्या माहेरी तुला घेऊन गेले. बाबा म्हणजे जुन्या वळणाचे, काळ्या मातीसारखेच कडक. ओट्यावर बसले होते. तू नमस्कार केलास, त्यांनी विचारलं, "कोनत्या गावच्या तुमी? आडनाव?" मला कळलं ते काय विचारत होते. तुलाही कळलं. तू गाव सांगितलंस, आडनाव सांगितलंस, अगदी खणखणीत, आणि कॅमेरा डोळ्याला लावून म्हणालीस, "आता इकडं पाहा, काका."

आणि बाबांनी पाहिलं! माझ्या जन्मात मी त्यांना कुणाचं इतकं मुकाट्याने ऐकताना पाहिलं नव्हतं. तू ओट्याच्या खाली जमिनीवर बसलीस, त्यांच्या गुडघ्यांपाशी, पण तुझा आवाज वरचा. "काका, कापसाचा भाव सांगा." ते सांगायला लागले, तावातावाने, हात उडवत, आणि तू मधेच टिपलंस. आज तो फोटो आमच्या बैठकीत आहे. पाहुणे येतात आणि म्हणतात, काका आत्ता बोलतीन असं वाटते. जायच्या आधी बाबा स्वतःच सगळ्यांना सांगायचे, "हा फोटो आमच्या शोभीच्या मैत्रिनीनं काढला. चांदूर बाजारच्या सुजाताबाईनं." नाव-आडनावासकट सांगायचे. मी दर वेळी दाराआड उभी राहून ऐकायची आणि माझी छाती फुगायची.

असो. मुद्द्यावर येते, नाहीतर तू म्हणशील, शोभीचं पाल्हाळ.

मिलिंदला फोटो सापडला नाही, कारण तुझ्या घरात तुझा फोटो नव्हताच. पण माझ्याकडे तू ढिगाने आहेस. तुला माहीत आहे कशी. कुठलीही लेन्स हातात आली, आपली असो की मागून आणलेली, की आपली तपासणी ठरलेली. दुसरे लोक विटांची भिंत काढतात, वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून काढतात. आपण पडलो औषधवाल्या. एकीने उभं राहायचं, गोळ्यांची पट्टी गालाजवळ धरायची, मागची बारीक अक्षरं कॅमेऱ्याकडे करून, आणि दुसरीने फोटो काढायचा. आधी लेन्स पूर्ण उघडी ठेवून, मग बारीक करत करत. डोळ्याची पापणी आणि गोळीचं नाव दोन्ही एकाच वेळी वाचता आलं तर लेन्स पास. पट्टी मग फोटोच्या कडेला न्यायची, कोपऱ्यातली अक्षरं फाटतात का बघायला. तुझ्या ओसरीवर, नाहीतर माझ्या दुकानाच्या पायरीवर. येणारे-जाणारे थांबून बघायचे. एकदा एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "ह्या गोळीची जाहिरात निंगाली काय?"

तपासणी झाली की तुझा हुकूम असायचा, "डिलीट कर. कार्डात कचरा नाई ठेवाचा." मी हो म्हणायची. आता तू माझं काही करू शकत नाहीस, म्हणून सांगते, मी एकही पुसला नाही. तुझं मी कधी कुठे ऐकलंय?

तर शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी ते सगळे उघडून बसले. तू, तू, तू. कपाळाला आठी घातलेली तू, उन्हाने डोळे बारीक केलेली तू. अकोल्याच्या मे महिन्यातली घामाघूम तू, त्या दिवशी कॅमेरा तापून मधेच बंद पडला होता आणि तू म्हणाली होतीस, "जी बॉडी अकोल्याच्या उन्हात टिकन, तिलेच खरी बॉडी म्हनाची." पंचाऐंशीतली तू सिनेमातल्यासारखी, लांबट मान, मागे लोणी. तो फोटो सुंदर आहे, पण ती तू नाहीस, लग्नाच्या अल्बममधली कुणीतरी आहे. तुझ्या लाडक्या पस्तीसमधली तू गंभीर, कारण तिची परीक्षा घेताना तू स्वतःच परीक्षेला बसल्यासारखी उभी राहायचीस. मी एकेक बघत गेले. रडत होते, पण खरं सांगू, मधेच हसूही येत होतं. एवढ्या लेन्स आपण पारखल्या आणि प्रत्येकीतून मी तुलाच बघत होते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

आणि मग तो सापडला.

माझ्या त्या किट लेन्सचा, सुजे. बॉडीसोबत आलेल्या झूमचा. तू जिला "चहापत्तीच्या पुड्यासोबत येते थो चमचा" म्हणायचीस ती. मी म्हणत होते, ही वाईट नाही, ठेवून देऊ. तू म्हणत होतीस, कुणाला तरी देऊन टाक. शेवटी माझ्या दुकानाच्या पायरीवर निकाल लावायचं ठरलं. समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवरून सावलीत मऊ उजेड येत होता. तू पट्टी गालाशी धरून, लेन्स नापास करायच्या तयारीने, ओठ घट्ट मिटून उभी. मी झूम फिरवत होते, कुठे मधेच ठेवला. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या दुकानदाराच्या आवाजात म्हटलं, "मॅडम, साहेब नाही आले?"

तू हसलीस. तुझ्या मायसारखी. जिना चढून येणारं ते हसणं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून तू आधी पट्टी पाहिलीस. स्वतःचा चेहरा पाहिलाच नाहीस. "अक्षरं तं वाचता येऊन राहिले व," एवढंच बोललीस, नाइलाजाने. मग, "डिलीट कर."

मी तो मिलिंदला पाठवला. त्याने लगेच फोन केला. रडत होता, पण आवाज मोकळा झाला होता. "ताई हायेच, शोभाताई. अशीच हासे थे." मग चाचरत, "पन हातात गोळ्या हायेत ना. लोकाईले वाटन, बिमार होती. तेवढं कापून टाकता काय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. दुखवट्याच्या फोटोत हातात गोळ्यांची पट्टी, कोण लावतं? मी कापायला बसले. चौकट ओढली. पट्टी गालाला इतकी चिकटून आहे की ती काढायची तर गाल जातो, गाल ठेवायचा तर पट्टीचं टोक उरतं. चौकट इकडे ओढ, तिकडे ओढ. आणि प्रत्येक ओढीला तुझा आवाज. मी कुठलाही फोटो कापायला घेतला की तू म्हणायचीस, "कापू नको. पाय हायेत ना? पुढं जा." दर वेळी. मला राग यायचा. ह्या वेळी मात्र पुढे जायला मला जागाच नव्हती, सुजे. तू जिथे होतीस तिथपर्यंत मला आता चालत येता येणार नव्हतं.

मी चौकट काढून टाकली. मिलिंदला म्हटलं, "नाई कापत. हे अशीच जाईन." तो म्हणाला, "तुमी म्हनता तं तसं." पण त्याला पटलेलं नव्हतं, मला कळत होतं. अख्खी रात्र मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. तुझाच नियम तुझ्यापाशी मोडू नये म्हणून भांडले आणि आता तुझंच हसं तर करत नाही ना मी?

मधे एक सांगायचं राहिलं. आपलं शेवटचं बोलणं. तू फोनवर सहज विचारलंस, "शोभे, थे नवीन बॉडी येते ना, जे आपोआप मानसाचा डोळा पकडते, थे कशी हाय व? माहे डोळे आता थकले." मी खुर्चीतून उठलेच. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा बॉडीबद्दल विचारलं होतंस! मी म्हटलं, शेवटी आलीस ना वळणावर? तू म्हणालीस, "आली नाई, फक्त इचारून राहिली. दिवाळीत पाहू." दिवाळी यायची आहे. तू मानली असतीस की नाही, मला कधीच कळणार नाही. मोठा सेन्सर हवा की नको, हेही नाही. पण चमच्याच्या बाबतीत मी जिंकले आहे, एवढं लक्षात ठेव. आणि तुझी पस्तीस माझ्याच कपाटात आहे, गेल्या महिन्यात तूच देऊन गेलीस. मिलिंद म्हणाला, बॉडीपण तुमीच न्या. माउंट एकच आहे म्हणून बरं. गयाबाईच्या आळीतली दोन घरं राहिली आहेत म्हणे. मी जाईन. एका हाताने धरायची सवय करते आहे, मनगट दुखतं.

आज रविवार होता. विहार भरून लोक बाहेरही उभे होते. आत मूर्तीसमोर मेणबत्त्या, बाजूला टेबलावर पांढरं कापड, त्यावर तू. पांढऱ्या फुलांचा हार मिलिंदने फ्रेमला असा घातला होता की पट्टी झाकली जावी. मी पाहिलं आणि हार तसाच राहू दिला. त्याची बहीण होती, त्याचा हक्क.

वंदना झाली, लोक रांगेने फुलं वाहायला पुढे येऊ लागले. गयाबाई आली. तेच चांगलं लुगडं. नात हात धरून होती. टेबलापाशी ती थांबली, फोटोकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि तो हार हळूच एका बाजूला सरकवला. पट्टी दिसली.

"हेच," ती म्हणाली. "असंच दाखवे मले खिडकीतून. पट्टी अशी गालापाशी धरे, अन् हासे. मले वाचता येत नाई ना. म्हने, आजी, हे पांढरी सकाळची, हे गुलाबी रातची. पाहून घे नीट."

मागच्या बायकांमध्ये कुजबुज झाली. कुणी म्हणालं, हो, मलेही असंच सांगे. कुणी म्हणालं, माह्या सासूलेही. रांग थांबली होती. मिलिंद माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते. मी त्या खिडकीच्या तुझ्या बाजूने कितीदा उभी राहिले होते, पण बाहेरून तू कशी दिसतेस ते मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या सगळ्यांनी पाहिलं होतं. रोज.

गयाबाईने फुलं वाहिली, हात जोडले. वळता वळता पुन्हा थांबली, सवयीने, खिडकीतून निघताना थांबायची तशी, आणि फोटोला विचारलं, "जेवल्यावरच घ्याची ना, बाई?"

 मग मीच पुढे झाले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "हो आजी. जेवल्यावर."